पालगडची आई आणि सासवडचे अत्रे

गेल्या वर्षी माघी गणपतीत आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून ‘श्यामची आई’ हा जुना सिनेमा दाखवला, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. खरं सांगायचं तर मुलं टिकतील असं कमिटीत कोणालाच वाटत नव्हतं. अर्ध्या तासात निम्मी पोरं उठून जातील, असाच सगळ्यांचा हिशोब होता. काही उठलीही. पण जी बसली ती शेवटपर्यंत बसली, आणि खुर्च्या उचलताना त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. सिनेमाला रंग का नाही? पालगड हे गाव खरंच आहे का? आणि हा सिनेमा काढला कोणी?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. 1953 साली आपल्याकडे बहुतेक सिनेमे काळे-पांढरेच असत. पालगड तर खरंच आहे, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, आणि साने गुरुजींचं घर तिथे स्मारक म्हणून जपलेलं आहे. तिसऱ्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिलं, की आचार्य अत्र्यांनी. त्यावर एकाने विचारलं, की म्हणजे ते विनोदी भाषणं करायचे तेच का? मी हो म्हटलं आणि घरी आलो. पण मनात राहिलं, की आपण उत्तर अर्धंच दिलं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, की उरलेलं अर्धं उत्तर इथे लिहायचं.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 चा. गाव कोडीत खुर्द, सासवडजवळ, पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात. हा भाग आपल्यासारखा नाही. तिथे पाऊस मोजून पडतो आणि कऱ्हा नदीला पाणी असेल तेव्हा असतं. पुढे आत्मचरित्र लिहायला घेतलं तेव्हा अत्र्यांनी त्याला याच नदीचं नाव दिलं, ‘कऱ्हेचे पाणी’. त्याचे एकामागून एक खंड झाले. शाळा सासवडला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. पुण्यात असताना राम गणेश गडकऱ्यांच्या सहवासाचा त्यांच्यावर असा पगडा बसला, की जन्मभर ते गडकऱ्यांना गुरू मानत आले.

पोटासाठी त्यांनी धरली ती मास्तरकी. आज अत्रे म्हटलं की नाटक, सभा, वर्तमानपत्र आठवतं. पण त्यांच्या उमेदीची वर्षं गेली शाळेत. पुण्याच्या कॅम्प भागात, सामान्य घरच्या मुलांसाठी असलेल्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि ती शाळा त्यांनी मेहनतीने वर आणली. मध्येच इंग्लंडला जाऊन 1928 मध्ये लंडन विद्यापीठाची शिक्षक-पदविका घेऊन आले. मुलींसाठी आगरकर हायस्कूल उभं करण्यातही त्यांचा पुढाकार होता. मुलांना वाचायला कंटाळवाणे धडे देतात याचा त्यांना राग होता. मग ‘नवयुग वाचनमाला’ काढली.

आपल्या सोसायटीतल्या आजी-आजोबांना त्यातली ‘दिनूचं बिल’ ही गोष्ट नक्की आठवत असेल. डॉक्टरांचा मुलगा दिनू वडिलांची बिलं बघून आईला आपल्या कामांचं बिल देतो. आई पैसे देते, आणि सोबत आपलंही बिल ठेवते, लहानपणापासून केलेल्या सगळ्याचं, आणि त्याची रक्कम काहीच नाही. दिनू ते वाचतो आणि पैसे परत आणून देतो. एवढीशी गोष्ट. पण ती लिहिणारा माणूस पुढे ‘श्यामची आई’ पडद्यावर आणणार होता, हे आज मागे वळून बघताना लक्षात येतं.

शाळा चालू असतानाच लेखणी जोरात धावत होती. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली. त्या काळच्या कवींची, त्यांच्या ठरावीक विषयांची आणि लाडक्या लकबींची त्यात अशी काही टर उडवली, की मराठीत विडंबन म्हटलं की आजही पहिलं नाव याच पुस्तकाचं निघतं. मग आलं नाटक. ‘साष्टांग नमस्कार’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘लग्नाची बेडी’. थिएटरात लोक पोट धरून हसले. पण त्याच तीन-चार वर्षांत त्यांनी ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ ही नाटकंही लिहिली, आणि ती हसवणारी नव्हती. घरातल्या बाईची जी घुसमट होते, बाहेर हसून साजरी केली जाते आणि आत सोसली जाते, ती त्यांत होती. लोकांनी अत्र्यांचं हसू लक्षात ठेवलं. ही दुसरी बाजू तेव्हाही होतीच.

नाटकाच्या पाठोपाठ सिनेमा. तेव्हा मराठी सिनेमाचं घर होतं कोल्हापूर आणि पुणे. मास्टर विनायक हे हंस पिक्चर्सचे दिग्दर्शक-नट. अत्रे त्यांना कथा-संवाद लिहून देऊ लागले. 1938 चा ‘ब्रह्मचारी’ खूप गाजला. लग्न न करण्याची शपथ घेतलेला तरुण आणि त्याची शपथ मोडायला निघालेली मुलगी, असा तो मामला. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या, यावर गावोगाव चर्चा झाली. पुढच्या वर्षी दारूबंदीच्या दिवसांत ‘ब्रँडीची बाटली’ आली. तिने दामुअण्णा मालवणकरांना घराघरात नेलं. 1941 मध्ये अत्र्यांनी स्वतःच्या कंपनीतून ‘पायाची दासी’ काढला. दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं, विषय सासूच्या हातच्या छळाचा. म्हणजे पुन्हा घरातली बाईच. 1942 मध्ये नाशिकला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते नाटककार, कवी, संपादक आणि सिनेमावाले असे सगळेच होते.

याच नाशिकच्या तुरुंगात नऊ वर्षांपूर्वी दुसरी एक गोष्ट घडली होती. 1933 च्या फेब्रुवारीत, सत्याग्रहात पकडलेल्या पांडुरंग सदाशिव साने या शिक्षकाने तिथे बसून पाच दिवसांत एका पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. 1899 च्या डिसेंबरात पालगडला जन्मलेला हा मुलगा. शिक्षण काही काळ दापोलीला. आई 1917 मध्ये गेली तेव्हा तो शिकायला दूर होता. तिची शेवटची भेट झालीच नाही. ती रुखरुख मनात धरून त्याने आईच्या आठवणी रात्रीमागून रात्र सांगाव्यात तशा लिहिल्या. 1935 मध्ये ‘श्यामची आई’ छापून आलं आणि मराठी घरांत ज्ञानेश्वरी-दासबोधाच्या शेजारी जाऊन बसलं.

आता बघा, ही दोन माणसं किती वेगळी. दोघं जवळजवळ एकाच वयाची, अत्रे सव्वा वर्षाने मोठे. दोघंही मास्तर. पण साने गुरुजी म्हणजे मऊ, हळवे, स्वतःला दोष देणारे. अत्रे म्हणजे आडदांड देहाचे, मोठ्या आवाजाचे. एखादी गोष्ट गेल्या दहा हजार वर्षांत झाली नाही आणि पुढे होणार नाही, असं सांगायची त्यांची सवय तर चेष्टेचा विषयच झाली होती. गुरुजींचे डोळे भरून यायचे, आणि अत्रे समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणायचे, कधी हसवून, कधी झोडपून. 11 जून 1950 ला गुरुजींनी आपली जीवनयात्रा संपवली. त्यांच्या पुस्तकाचा सिनेमा तीन वर्षांनी पडद्यावर आला, तो या आडदांड माणसाच्या हातून.

सिनेमाच्या धंद्याच्या दृष्टीने ‘श्यामची आई’ हा विषय म्हणजे हातानं ओढवून घेतलेलं संकटच. नायक-नायिका नाहीत. प्रेमप्रकरण नाही. खलनायक म्हणावा तर गरिबीच. कथा म्हणाल तर आपल्या कोकणातल्या एका पडत्या घरातली बाई आणि तिचा खोडकर, भित्रा, हळवा मुलगा. शेवटी ती बाई मरते. ज्या अत्र्यांना एका वाक्यात थिएटर हसवता येत होतं, त्यांनी निर्माता आणि दिग्दर्शक म्हणून असा विषय घेतला. त्या काळी कलात्मक सिनेमा, समांतर सिनेमा हे शब्द आपल्याकडे रुळलेले नव्हते. पण गाण्या-मारामारीच्या ठराविक रस्त्याने न जाता आपल्या मातीतली खरी माणसं दाखवायची, हेच जर त्या शब्दांचं काम असेल, तर ते या सिनेमाने आधीच करून ठेवलं होतं.

आईच्या कामासाठी त्यांनी घेतलं वनमाला यांना. ग्वाल्हेरच्या, शिकलेल्या, पुण्यात आगरकर हायस्कूलमध्ये काही काळ शिकवलेल्या. पुढे सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर त्या नायिका होत्या. दागदागिने, राजवाडे यांत शोभणाऱ्या या देखण्या बाईंना अत्र्यांनी साधं लुगडं नेसवलं आणि चुलीपुढे बसवलं. श्याम झाला माधव वझे नावाचा शाळकरी मुलगा. तो पुढे इंग्रजीचा प्राध्यापक, नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक झाला. संगीत वसंत देसाई यांचं. देसाई आपल्याच मुलखातले, सावंतवाडीकडचे. काही गाणी खुद्द अत्र्यांची. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ते गाणं आपल्या आया-आज्यांना आजही तोंडपाठ आहे. सोसायटीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी सुरू करतं आणि सगळ्याजणी पुढे नेतात, ते हेच.

त्या रात्री आपल्या पार्किंगमध्ये मुलं गप्प झाली ती दोन ठिकाणी. एक, पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोकाने मारून विहिरीवर पाठवते तिथे. दुसरं, आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो, आणि आई आपला पदर दगडावर पसरते तिथे. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसंच मनालाही जप, असं ती त्याला समजावते. ह्या जागी मोठ्या आवाजाचं पार्श्वसंगीत लावून, चेहरे जवळून दाखवून रडवायला किती सोपं होतं! दिग्दर्शक तसं करत नाही. प्रसंग होतो, आणि पुढचा प्रसंग येतो. व्यासपीठावर तासभर न थांबणारा माणूस इथे थांबायचं कुठे हे जाणत होता. माझ्या मते याचं कारण त्यांच्यातला मास्तर. चांगला मास्तर वर्गात कितीही गडगडाट करो, मुलाच्या डोळ्यांत समजल्याची खूण दिसली की तो गप्प होतो.

सिनेमा 6 मार्च 1953 ला लागला. पुढच्या वर्षी भारत सरकारने चित्रपटांसाठी पारितोषिकं सुरू केली, आणि देशभरातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. त्या वर्षी तुल्यबळ सिनेमा कोणता होता? बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. त्याला गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र मिळालं. आज जगभर अभ्यासला जाणारा तो सिनेमा, आणि त्याच्या वर आपल्या पालगडची आई. मुंबईत मोठमोठे स्टुडिओ, मद्रासला पैसा, कलकत्त्याला मोठे दिग्दर्शक असताना देशाचं पहिलं सुवर्णपदक एका मराठी मास्तराने कोकणातल्या घराची गोष्ट सांगून नेलं.

तेवढ्यावर अत्रे थांबले नाहीत. लगेच ‘महात्मा फुले’ काढला. बाबुराव पेंढारकर जोतिबा, सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. पडद्यावर खुद्द गाडगे महाराज दिसतात. मुलींना शिकवतात म्हणून शेणगोळे सोसलेल्या नवरा-बायकोची ही गोष्ट, आणि सांगणारा पुन्हा मुलींची शाळा उभारलेला मास्तर. 1954 च्या पारितोषिकांत मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून या सिनेमाला रौप्यपदक मिळालं. आपण आज रौप्यमहोत्सव करतोय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग सिनेमा मागे पडला, कारण महाराष्ट्र पुढे उभा होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली. 15 नोव्हेंबर 1956 ला अत्र्यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केलं आणि ते चळवळीचं मुखपत्रच झालं. शिवाजी पार्कवर त्यांच्या सभेला माणूस मावत नसे. 1957 मध्ये ते विधानसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत आपल्या राजापूरने नाथ पै यांना लोकसभेत पाठवलं. गोळीबारात शंभरावर माणसं गेली होती. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं, त्यात अत्र्यांच्या लेखणीचा आणि जिभेचा वाटा फार मोठा.

पण सगळंच गोड सांगितलं तर मुलं म्हणतील, तुम्ही आम्हाला फसवता. म्हणून हेही सांगतो. अत्र्यांची लेखणी जिथे पडायची तिथे वळ उठायचे, आणि ते वळ दरवेळी न्यायाचेच होते असं नाही. वैर धरलं की ते माणसाच्या घरापर्यंत, शरीरापर्यंत जात. साहित्यातले, राजकारणातले कितीतरी चांगले लोक त्यांनी बोलून दुखावले. पदर पसरणारी आई दाखवणारा माणूस दुसऱ्याच्या अंगावर चिखलही उडवायचा. उलट तेच अत्रे, ज्यांच्याशी राजकारणात भांडले ते नेहरू 1964 मध्ये गेल्यावर त्यांच्यावर लेखांमागून लेख लिहीत राहिले. ‘सूर्यास्त’ हे पुस्तक त्यातून झालं. हाही तोच माणूस.

शेवटच्या वर्षांतही हात थांबला नव्हता. 1962 मध्ये ‘तो मी नव्हेच’ आलं, लखोबा लोखंडे म्हणून प्रभाकर पणशीकर उभे राहिले, आणि फिरत्या रंगमंचावरच्या त्या नाटकाने उभा महाराष्ट्र पालथा घातला. 13 जून 1969 ला मुंबईत अत्रे गेले. साने गुरुजी 11 जूनचे, अत्रे 13 जूनचे. साल वेगळं, पण दोघंही गेले पावसाच्या तोंडावर, आपल्याकडे शेतात पेरणीची घाई असते त्याच दिवसांत.

त्यांची मुलगी शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला. तीन छोट्या ओळींची कविता. दहा हजार वर्षांखाली न बोलणाऱ्या बापाच्या मुलीने तीन ओळींत मावायचं ठरवलं, याची मला नेहमी गंमत वाटते. पण ‘श्यामची आई’ पाहिल्यावर गंमत कमी होते. थोडक्यात सांगणं त्या घरात आधीच आलेलं होतं.

अजून एक गोष्ट मुलांसाठी. ‘श्यामची आई’नंतर मराठी सिनेमाला देशातलं सर्वोच्च पारितोषिक पुन्हा मिळायला पन्नास वर्षं गेली. ते मिळालं 2003 च्या ‘श्वास’ला, संदीप सावंत यांच्या. त्यात काय आहे? कोकणातला एक आजोबा, त्याचा परश्या नावाचा नातू, आणि नातवाच्या डोळ्यांचं ऑपरेशन. पुन्हा आपलंच कोकण, पुन्हा एक मूल आणि त्याला जपणारं एक मोठं माणूस. दोन्ही वेळेला कुणाला मोठं काही रचावं लागलं नाही. घरात जे चालतं ते नीट बघावं लागलं.

हल्ली मुंबईला गेलो की भुयारी मेट्रोत आचार्य अत्रे चौक हे स्टेशन लागतं. आपली मुलं ते नाव वाचतील, तेव्हा त्यांना विनोदी भाषणांबरोबर त्या रात्रीचा पडदाही आठवावा, एवढीच इच्छा. आणि कमिटीला एक विनंती. यंदाची सहल गणपतीपुळ्यालाच न्यायला हवी असं नाही. दापोलीला नेऊ, पालगडला थोडा वेळ थांबू. गुरुजींचं घर बघू. ज्या मुलाने मला ते गाव खरंच आहे का असं विचारलं होतं, त्याला खिडकीजवळची सीट मी आधीच कबूल केली आहे.